आणखी एक खडा

तातेयामाच्या खाडीत गावकरी दर उन्हाळ्यात रांगेनं लांबवर पोहतात. रांगेतली शेवटची जागा आईची. गेल्या वर्षी ती गेली, म्हणून हिवाळाभर पोहायला शिकून यंदा तिथे मी उतरले. सोबतच्या होडीतून बाबांनी प्रत्येकाच्या तोंडात खडीसाखर टाकली, माणशी एकच खडा. मी तो कडकन चावला. पुढच्यांना गाठायच्या घाईत अर्ध्यावरच दंड भरून आले, हात होडीकडे गेला. होडीला शिवलं की बाद. बाबांनी वल्हं मारून होडी लांब नेली. “खडा चावलास ना? पोहतेसही तश्शीच, हावरटासारखी!” “दमले हो, बाबा.” त्यांनी खिशातून दुसरा खडा काढला. “आ कर. हा तुझ्या आईचा. ती चावायची नाही. खडा विरघळेल तशी सावकाश पोहायची.” किनाऱ्याला पाय टेकताच त्यांनी विचारलं, “संपला?” मी जीभ काढली. तांदळाएवढा उरला होता. “तिचाही एवढाच उरायचा.”