निळे धागे

प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर मच्छीमारांचा जमाव खवळला होता. माशांच्या पोटातलं प्लास्टिक किनाऱ्यावरच्या कारखान्याचंच आहे, असा अहवाल त्यांना आजच्या आज हवा होता. त्यांचा पुढारी आत, तपासणी करणाऱ्या आपल्या मुलीसमोर उभा होता. "काय गं, कारखान्याचंच ना?"  तिने नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सगळं निभावून गेलं असतं. पण ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली. "बाबा, तुम्हीच बघा." त्याने वाकून डोळा लावला. माशाच्या आतड्यातून निघालेले निळे धागे त्याने ओळखले. "ही तर आपलीच जाळी. फाटली की आपणच समुद्रात टाकतो," तो पुटपुटला. "मग काय लिहू?" "दिसलं तेच लिही. बाहेर मी सांगतो." तो एकटाच फाटकाशी पोहोचला, तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच जमावाने त्याचा जयजयकार सुरू केला.