परकर

कंपाउंडरनं दवाखान्याच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "कोयनेल थोडंच उरलंय. पहले लडके. पोरींना पुढच्या बाजारी."

हिवतापानं गावंच्या गावं आडवी पडली होती आणि लढाईपायी औषध येत नव्हतं. रांगेतल्या चार बायका आपापल्या पोरी उचलून निघून गेल्या. शिवकांता हलली नाही. तिच्या खांद्यावर दीड वर्षांची इरम्मा तापानं फणफणत होती. पुढं सासू, गिरिजाबाई. तिच्या कडेवर तीन वर्षांचा रेवणसिद्ध. अंगात परकर, नाकात चमकी, वेणीला लाल गोंडा.

"आजीबाई, ऐकू येत न्हाय का? पोरी नकोत आज."

"पोरगी कुठली? ह्याच्या आधीची दोन पोरं गेली. नजर चुकवायला पोरीवानी ठिवलंय." गिरिजाबाईनं सगळ्यांदेखत परकर वर केला. रांग हसली. कंपाउंडरही हसला आणि तीन पुड्या पुढं सरकवल्या. "रोज सकाळी एक."

"आत्या, आन हिला?" शिवकांतानं हळूच विचारलं.

"पोरीला काय व्हतंय? उतरंल ताप आपसूक." गिरिजाबाई नातवाला घेऊन हौदाकडं गेली.

शिवकांता रांगेतच राहिली. पदर नाकापर्यंत ओढला. तिचा नंबर आला.

"ही पोरगी?"

"पोरगा हाय." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "नजर चुकवायला परकर घातलाय."

परकर रेवणसिद्धचाच होता, त्याला आखूड झालेला.

"नाव?"

नावाचा विचार तिनं केलाच नव्हता. "कल्याणप्पा," ती म्हणाली. गेलेल्या थोरल्याचं नाव तोंडात आलं.

कंपाउंडरचा हात परकराच्या काठाकडं आला. शिवकांतानं काठ मुठीत घट्ट धरला. तो त्या मुठीकडं बघत राहिला. मग त्यानं डोळे चोळले, तीन पुड्या सरकवल्या आणि म्हणाला, "जा."

भिंतीच्या आडोशाला तिनं पहिली कडूजहर पुडी इरम्माच्या जिभेवर रिकामी केली, वर घोटभर पाणी पाजलं. उरलेल्या दोन कमरेला खोचल्या.

वाटेत गिरिजाबाईनं वळून पाहिलं. "पोरगी तोंड का वाकडं करतीया?"

"ऊन लागतंय, आत्या."

शिवकांतानं पदर इरम्माच्या तोंडावर ओढला. अजून दोन सकाळी काढायच्या होत्या.