पेन्सिलची फुली

त्या दुर्मिळ जातीच्या कासवाची शेवटची मादी अंडी घालून मेली, तेव्हा प्रजनन केंद्राचे सर मला म्हणाले, "आता सगळी मदार या सात अंड्यांवर आहे. जिवापाड जप."

कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. उलटं झालं की आतलं पिल्लू गुदमरतं. म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मी पेन्सिलने फुली केली आणि उबवणपेटीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी एका अंड्याची फुली खाली गेली होती.

"सर, मी हात नाही लावला."

"मग काय भुताने फिरवलं? कर सरळ."

मी केलं. ते मेलं. मग रोज सकाळी एकेक उलटं सापडायचं, मी ते सरळ करायचे आणि ते मरायचं. सर माझ्याशी बोलेनासे झाले.

शेवटचं अंडं मी फुली वर ठेवून पेटीच्या तळाच्या काचेवर मेणाने घट्ट चिकटवलं. देवाकडे कधी काही न मागणारी मी, त्या संध्याकाळी मागत बसले.

सकाळी वरची बाजू कोरी होती आणि फुली पुन्हा खाली होती. मेणाला साधा तडाही नव्हता.

"म्हणजे हे फिरलंच नाही," सर म्हणाले. "मग आधीची सहा?"

"ती मीच उलटी केली, सर."

त्यांनी काचेखाली दिवा धरला. अंडं तांबूस उजळलं. आत पिल्लाचं काळीज धडधडत होतं. फुली कवचाच्या आतल्या बाजूने काढलेली होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत तिच्याशेजारी दुसरी उमटू लागली.