कोटाचा चोर

माझा लग्नातला कोट कपाटातून गायब झाला. शिकवणीच्या मुलांनीच तो नाटकासाठी नेला असणार, असं मी धरून चाललो. ओरडण्याऐवजी त्यांना एक जुना हिंदी सिनेमा दाखवला. त्यातला चोर गुन्हा कबूल करतो आणि लुबाडलेल्या घरीच पाणी भरतो. अकराव्यांदा पाहूनही मी रडलो.

"कोणाला काही सांगायचंय?" मी हळूच विचारलं.

मुलं पोहे खात राहिली. हुंदका मागून आला, आमच्या हिचा.

"अहो, कोट मीच बोहारणीला दिला. त्यावरच हे पोह्यांचं पातेलं आलं."

"म्हणजे सर, तुम्हाला आम्ही चोर वाटलो?" मृण्मयीने विचारलं.

मी पातेलं उचलून वाढायला लागलो.

"खोबरं जास्त घाला," ती न्यायाधीशासारखी म्हणाली, "आणि आमच्या पाण्याच्या बाटल्याही भरा."