रोज संध्याकाळी रोम

"डावीकडं वळ," श्रीधरराव म्हणाले. शैलेंद्रनं लॅपटॉपवरचा बाण दाबला. रोमचा रस्ता क्षणभर धूसर झाला, सावरला, आणि समोर कोलोसियम उभं राहिलं.

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधली ही रोजची फेरी. घडीचं टेबल पलंगावर आडवं ठेवायचं, त्यावर लॅपटॉप, आणि नकाशातून रस्त्यावर उतरून बापलेकांनी चालायला लागायचं. एरवी श्रीधररावांना उठवून बसवायचं तरी दोन माणसं लागत, पण रोममध्ये ते खुशाल हिंडत. तिथं तिकिटाची रांग नव्हती, पाय दुखत नव्हते, आणि कायम भर दुपार होती.

"सगळं जग वर बघतंय आणि तुम्ही खाली काय बघताय, बाबा?"

"रस्ता. हे काळे दगड बघ. एकमेकांच्या आधारानं बसलेत नुसते."

सांगलीच्या नगरपालिकेत त्यांनी जन्मभर रस्ते केले होते. पोपच्या घरी नेलं असतं तरी त्यांनी आधी गटाराचा उतार पाहिला असता.

पेजेची वाटी घेऊन आलेली अनघा हसली. "जित्याची खोड..." म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. म्हणीचा उरलेला भाग तिघांनाही पाठ होता. श्रीधररावांनी न ऐकल्यासारखं केलं आणि सुनेच्या हातून दोन घोट पेज घेतली.

रोमची युक्ती शैलेंद्रची. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला, त्या दिवसापासून बाबांनी एकच धोशा लावला होता, मला घरी न्या. इथं औषधपाणी चांगलं आहे, नर्स घरी येते, आम्ही आहोत, असं सगळं ते ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मग निघायचं कधी?" तरुणपणी त्यांना रोम बघायची फार हौस होती, हे शैलेंद्रला आठवलं आणि त्यानं रोम लावून दिलं. रोम चालू असलं की सांगलीचं नाव निघत नसे. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशातला प्रकार. त्याला ते कळत होतं, पण कळून करणार काय?

कोलोसियम मागे पडलं. त्रेवीचं कारंजं झालं, स्पॅनिश पायऱ्या झाल्या. पायऱ्यांवर बसलेल्या माणसांचे चेहरे पुसलेले होते.

"दमलो," श्रीधरराव म्हणाले. "आता आपल्या गल्लीत ने."

शैलेंद्रचा हात थांबला. "सांगलीला?"

"रोमला जाता येतं, मग सांगली काय लांब आहे?"

त्यानं नकाशा सांगलीवर आणला. कृष्णा होती, पूल होता, गल्लीची बारीक रेघसुद्धा होती. रस्त्यावर उतरवायचा तो इवलासा पिवळा माणूस त्यानं उचलून रेघेवर सोडला. माणूस उडून परत कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पुन्हा सोडला, पुन्हा कोपऱ्यात. रोमचा बोळन् बोळ टिपणारी ती फोटोची गाडी सांगलीच्या गल्लीत कधी शिरलीच नव्हती. शैलेंद्रला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्यानं आणखी एकदा सोडून पाहिला.

"लागतंय ना?" बाबांनी विचारलं.

"लागतंय. नेट स्लो आहे."

त्यानं स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि मुकाट्यानं परत रोमला गेला. नदीपलीकडे एक अरुंद बोळ होता, कालच्या फेरीत लागलेला. पोपडे उडालेल्या पिवळ्या भिंती, भिंतीला टेकून उभी केलेली स्कूटर, वर दोरीवर वाळणारे कपडे. त्यानं स्क्रीन बाबांकडे फिरवली. बापाशी तो आजवर कधी खोटं बोललाच नव्हता अशातला भाग नाही, पण इतकं मोठं कधी बोलला नव्हता.

"आली बघा गल्ली."

अनघानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. बोळाच्या तोंडाशी इटालियन खाणावळीची पाटी ठळक दिसत होती. ती वाटी खाली ठेवून पलंगाच्या कडेला टेकली आणि दाखवता दाखवता तिनं पाटीवर तळवा ठेवला.

"ही बघा बाबा, कोपऱ्यावरची गिरणी," ती म्हणाली. "आज बंद दिसतेय."

श्रीधररावांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. भिंतीकडे नाही, गिरणीकडेही नाही. खाली.

"दगड बसवलेत," ते म्हणाले.

खिडकीपलीकडून एमआरटीची लोकल गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत तिघंही ऐकत बसले.

"चांगले बसवलेत. माझ्यामागं कुणीतरी लक्ष दिलं म्हणायचं." त्यांनी शैलेंद्रच्या मनगटावर हात ठेवला. "आणलंस रे घरी. आता बास, बंद कर ते."

शैलेंद्रला लॅपटॉप मिटवेना. डोळे भरून आले होते आणि एका हातानं स्क्रीन धरलेली असल्यानं ते पुसायला दुसरा मोकळा नव्हता. मनगटावरचा हात बाजूला सारायची त्याची छाती झाली नाही.

पांघरुणाखाली श्रीधररावांचे पाय हलायला लागले. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या टाचेला रेटत होता. अनघा लगबगीनं उठून पायथ्याशी गेली.

"काय होतंय बाबा? काही टोचतंय का?"

"काही नाही गं," श्रीधरराव म्हणाले. "चपला काढतोय."