आयरिसचं पहिलं फूल

रनाळ्याच्या उन्हात दलदलीत वाढणारा तांबूस आयरिस जगणार नाही, असं सगळे म्हणत होते. मी टबात चिखल करून, वर ओलं गोणपाट बांधून जगवला. पण फूल उमललं, की मी उठायच्या आत सासूबाई खुडून देवाला वाहायच्या. शेजारी जास्वंद ढीगभर!

"आई, मी ते फूल डोळा भरीन दखं बी नव्हतं!"

"पहिलं फूल देवनंच ऱ्हास."

दोन वर्षं हेच. यंदा कळी उमलायला आली, तशी मी त्यांच्याआधी उठले. आंघोळ करून त्या पूजेला बसल्या आणि किंचाळल्या, "ममता, देव कोठे गयात?"

"परसमा, टबजवळ बसाडेल शेतस. फूल झाडवरच वाहेल शे. आते वाहेल फूलले हात लावा दखू!"