बोलती बंद

मुकादमाने चमचा ताटलीवर आपटला. सूप कोमट हवं होतं, ते गार झालं होतं. पूर्वी एवढ्यावरून त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसता चमचा वाजला.

"आपटा," बायको म्हणाली. "अजून जोरात आपटा. ताटली काय, तुमच्या गोदामातला हमाल थोडीच आहे उलट बोलायला!"

त्याच्या श्वासनलिकेत वाढलेली गाठ घशातून दुर्बीण घालून काढली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. उशा उंच ठेवा, वाफ द्या, श्वासाला घरघर लागली तर तडक घेऊन या. आयुष्यभर माणसांवर ओरडलेला मुकादम आता पलंगावर डोळे वटारून बसला होता.

बायको टेलिफोन ऑपरेटर होती, नुकतीच निवृत्त झालेली. दिवसभर परक्यांशी गोड बोलायची आणि घरी आली की तोंडाला कुलूप. या घरात बोलायचं काम एकट्या मुकादमाचं. ती जागा रिकामी झाली, आणि आपल्याला मध्येच तोडणारं आता कोणी नाही हे तिच्या लक्षात आलं.

सुरुवात तिने सुपापासूनच केली. मग ती जुन्या आठवणींत मागे मागे जात राहिली. वाफेचं भांडं त्याच्यापुढे ठेवायचं, डोक्यावरून टॉवेल टाकायचा आणि समोर खुर्ची ओढून बसायचं. टॉवेलखालून त्याला उठूनही जाता येत नसे.

"माझी बढती आठवते? रात्रपाळीची प्रमुख करणार होते मला. तुम्ही आमच्या साहेबांना फोन लावलात. म्हणालात, माझी बायको रात्रीची घराबाहेर राहणार नाही. तो फोन मीच जोडून दिला होता. अक्षर न् अक्षर ऐकलं मी."

टॉवेलखालून मूठ टेबलावर आदळली. भांड्यातलं पाणी हिंदकळलं.

"पोरगी लहानपणी अडखळत बोलायची. तुम्ही दर शब्दाला खेकसायचात, नीट बोल म्हणून. आता ती फोन कधी करते माहीत आहे? तुम्ही फिरायला बाहेर पडलात की. मीच कळवते तिला."

पुन्हा मूठ आदळली.

पहिल्या तपासणीहून परतल्यावर मात्र आपटणं थांबलं. मुकादम नुसता तिच्याकडे बघत राहायचा. बायकोला वाटलं, जिरली एकदाची. त्याने ती आणखीच पेटली. औषध वेळेवर, उशा उंच, सूप आता बरोब्बर कोमट. सेवेत कसूर नाही आणि बोलण्यात दयामाया नाही.

एका दुपारी त्याला खोकल्याची उबळ आली. चेहरा लालबुंद झाला. ती धावली, पाठ चोळत राहिली. उबळ ओसरली तेव्हा त्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"सोड हात," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याला अरेतुरे निघालं. "तुला ऑपरेशनला आत नेलं आणि दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले होते. सगळ्यांना वाटलं, बाई घाबरली. मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं."

मनगट सुटलं. मुकादमाचे ओठ हलले, मग मिटले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. शब्द परत घ्यायला ती आली नाही.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी घशात डोकावून मान डोलावली. "जखम छान भरली आहे. घरी बोलतात ना आता?"

"कसे बोलतील?" बायको म्हणाली. "तुम्हीच बंदी घातली आहे ना."

"ती तर मागच्याच खेपेला उठवली. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. इथे माझ्यासमोर त्यांनी नाव, पत्ता सगळं म्हणून दाखवलं की!"

ती पिशवी उचलून बाहेर पडली. जिन्यावर त्याचा दंड धरायचा असे, तो तिने धरला नाही. अर्ध्यावर मात्र तिला राहवलं नाही. गर्रकन वळून ती म्हणाली, "म्हणजे बोलता येत होतं तुम्हाला! मी वेड्यासारखी बडबडत होते आणि तुम्ही मजा बघत होतात? एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

मुकादम कठडा धरून थांबला. आवाज निघाला तो फाटका आणि बारीक, अनोळखी माणसाचा वाटावा असा.

"रोज वाटत होतं. पण मी तोंड उघडलं असतं, तर तू गप्प बसली असतीस."